सेकंदाला त्र्याऐंशी किलोमीटर

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर जरा बरं काढतो आहे.

संकल्प तीन. गुरुवारच्या मीटिंगमधले डोनट बंद. पाठ्यपुस्तकाचं अकरा वर्षं रखडलेलं चौथं प्रकरण ईस्टरपर्यंत पुरं. ऑस्टबर्गशी सौजन्यानं वागणं.

दुपारी १२.१५

तिसरा संकल्प मोडला. दोष माझा नाही.

संस्थेच्या संचालिका क्विस्टबाई यांनी सकाळी फर्मान काढलं. ताऱ्यांची वातावरणं गणितानं उभी करणारे दोन कोड आपल्या मशीनवर चालतात, ३० जूनपासून एकच चालेल. एक माझा, बायसन. १९८८ साली मी त्याची पहिली ओळ लिहिली, आज एक्केचाळीस हजार आहेत. दुसरा ऑस्टबर्गचा. त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे, यावरून काय ते समजावं. नवा उपग्रह पाच ताऱ्यांचा प्रकाश मोजून पाठवणार. दोघांनी आपापले पाच तारे बनवायचे, १२ जूनला भाषणं द्यायची. ज्याचं खऱ्याशी जुळेल तो राहील.

क्विस्टबाई म्हणाल्या, व्हर्न, मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हणालो, मी कशाला लावून घेऊ, तुम्ही ऑस्टबर्गसाठी रुमाल आणून ठेवा. ऑस्टबर्ग समोरच बसला होता. हसला. त्याला विनोद कळतो असा त्याचा समज आहे.

बायसनमध्ये तारा बहात्तर सपाट थरांचा असतो. शांत, एकावर एक, हालचाल नाही. ऑस्टबर्गचा तारा ओटमीलसारखा रटरटतो. म्हणे दुर्बिणीतून सूर्य तसाच दिसतो. दुर्बिणीतून बघून सूर्य कळला असता तर मी सदतीस वर्षं काय केलं?

काम दोन आठवड्यांचं. उरलेल्या वेळात चौथं प्रकरण.

६ मार्च, गुरुवार

डेटा आला. सोबत डेटा ऑफिसची नऊ पानी सूचना, वर लाल अक्षरात 'वापरण्यापूर्वी अवश्य वाचा'. ज्यांनी जन्मात एक तारा बनवला नाही ते मला शिकवणार. कचऱ्यात टाकली. कागद वेगळ्या पेटीत टाकायचा असतो म्हणून ऑफिसातली बाई ओरडली.

डोनट अर्धाच खाल्ला. दोनदा.

१४ मार्च

बायसन नव्या मशीनवर चालेना. मशीनवाले सांगत आले की तुमचा कोड २१२व्या ओळीला थांबतो आणि 'टेप बसवा' म्हणतो. मी म्हणालो, मग बसवा. ते म्हणाले, साहेब, या इमारतीत टेप बसवायचं यंत्रच राहिलेलं नाही. या संस्थेची ही अवस्था. ओळ काढावी लागली, मनाविरुद्ध.

चौथं प्रकरण: शीर्षक बदललं. आता जास्त भारदस्त आहे.

२१ मार्च

पहिला तारा तयार. ताऱ्याच्या प्रकाशात काळ्या बारीक रेषा असतात, लोखंडाच्या वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या. बायसननं काढलेल्या रेषांचे आकार खऱ्या रेषांशी तंतोतंत. फक्त खऱ्या रेषा सगळ्याच्या सगळ्या लाल बाजूला सरकलेल्या. ताऱ्याचा स्वतःचा वेग मी आधीच वजा केला होता, तरी.

घुसळणीचा आकडा फिरवून बघितला. हा आमच्या धंद्यातला आकडा. वातावरणात बारीक घुसळण चालते असं मानायचं आणि मॉडेल जुळेपर्यंत आकडा फिरवायचा. ऑस्टबर्ग याला ठिगळ म्हणतो, त्याच्या कोडमध्ये हा आकडा नाही. बिचारा. न जुळल्यावर करतो काय?

फिरवून रेषा रुंद झाल्या, सरकल्या नाहीत. उपग्रह बिघडलेला दिसतो.

२७ मार्च, गुरुवार

दुसरा तारा, तांबडा, अवाढव्य. त्याच्याही रेषा सरकलेल्या. तेवढ्याच.

फूटभर बर्फ पडलं म्हणून फिरायला गेलो नाही. फिरण्याचा संकल्प नव्हताच, पण केला असता तर आज मोडला असता.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ११.०५

तिसराही. हिशेब केला. पहिल्यात रेषा सरकल्यात त्या सेकंदाला त्र्याऐंशी किलोमीटर वेग असावा इतक्या. दुसऱ्यात त्र्याऐंशी. तिसऱ्यात त्र्याऐंशी.

लिहून ठेवतो, तारीख महत्त्वाची आहे.

उपग्रह बिघडलेला नाही. रेषा लालकडे सरकतात याचा अर्थ तो वायू आपल्यापासून दूर जातोय, म्हणजे ताऱ्याच्या आत कोसळतोय. प्रत्येक ताऱ्यात. एकाच वेगानं. लहान असो, मोठा असो, तांबडा असो, पिवळा असो. निसर्गाचा नवा नियम आहे हा, आणि तो बहात्तर सपाट थरांतून सापडला.

नाव: हॅवरकॅम्प ओघ, माझ्याच आडनावावरून. हॅवरकॅम्प पतनही बघितलं, पण ते कानाला बरं लागत नाही.

४ एप्रिल

कुणाला सांगणार नव्हतो. नाश्त्याला लोर्नाला सांगितलं, बायको आहे म्हणून. तिनं आयुष्यभर दुसरीच्या मुलांना शिकवलं, तेव्हा सोपं करून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि टोस्टला लोणी लावता लावता विचारते, अरे, पण वातावरण आहे किती जाडीचं? मी म्हणालो, सूर्यासारख्या ताऱ्याचं पाचशे किलोमीटर. म्हणाली, आणि सेकंदाला त्र्याऐंशी आत जातं? मग सहा सेकंदांत संपेल की रे.

दुसरीतला भागाकार. विज्ञान असं चालत नाही. मी म्हणालो, वरून भर पडत असणार. म्हणाली, कुठून? मी म्हणालो, तो पुढच्या संशोधनाचा विषय आहे. म्हणाली, बरं बाई, अंडं खा.

१० एप्रिल, गुरुवार

मीटिंग. ऑस्टबर्ग त्याच्या रटरटण्याबद्दल अर्धा तास बोलला. सहन झालं नाही. मी एवढंच म्हणालो की माझ्या सगळ्या ताऱ्यांत एक आकडा येतोय, तो कळल्यावर इथल्या काहींना धंदा बदलावा लागेल. कुणीतरी विचारलं, कुठला? तोंडून निघून गेलं, त्र्याऐंशी.

खोली एकदम गप्प. इतका दरारा मी पूर्वी अनुभवला नव्हता. मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं केलं. इडाबाई डोनट हातात धरून म्हणाल्या, त्र्याऐंशी? मग परत, त्र्याऐंशी म्हणालास ना, बाळा? या इडाबाई चौऱ्याऐंशीच्या. उभा जन्म तळघरातल्या प्रयोगशाळेत लोखंडाच्या रेषा आठ-आठ आकड्यांपर्यंत मोजण्यात घालवला, आता गुरुवारी डोनटला येतात. मी म्हणालो, हो, इडाबाई, बरोबर ऐकलंत. कानाला त्रास असेल.

संपूर्ण डोनट. प्रसंगच तसा होता.

२२ एप्रिल

ऑस्टबर्गनं पार्किंगमध्ये गाठलं. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, अंगात ते पिवळं जाकीट. म्हणतो, व्हर्न, दोन मिनिटं देशील? तुझ्या रेषांच्या यादीबद्दल एक विचारायचं होतं. मी म्हणालो, आत्ता नाही. म्हणाला, अरे, लहानशीच गोष्ट आहे, तुझ्या फायद्याची.

माझ्या फायद्याची! पन्नास दिवसांनी स्पर्धा आणि हा माझा फायदा बघणार. मला घाई आहे सांगून गाडीत बसलो. घाई दिसावी म्हणून गाडी काढावी लागली. मग परत यायला वीस मिनिटं थांबलो.

पासवर्ड बदलला.

२८ एप्रिल

ऑस्टबर्गची मेल, विषय: तरंगलांबीबद्दल, छोटंसं. न उघडता डिलीट केली. उघडली तर उद्या म्हणेल, माझ्यावरून सुचलं.

पासवर्ड आठवत नाही. मशीनवाले हसले. मशीनवाले नेहमीच हसतात.

८ मे, गुरुवार. दुपारी २.००

पाचवा तारा म्हणजे सूर्यच. चंद्रावरून परतलेला त्याचा प्रकाश उपग्रहानं मोजलाय. चौथा काल झाला होता, त्र्याऐंशी. सूर्य आज. डोळे मिटून बटण दाबलं, उघडले. त्र्याऐंशी.

आता कुणी काय बोलणार? सूर्य. ज्याच्याकडे चारशे वर्षं लोक दुर्बिणी लावून बसलेत. तो कोसळतोय आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. या लोकांना पगार कसले मिळतात?

खिडकीतून बघितलं. शांतपणे तळपत होता. नेहमीसारखाच.

१९ मे

भाषण तयार. सत्तेचाळीस पानं, वेळ वीस मिनिटं. भराभर बोलावं लागेल.

चौथं प्रकरण आता लिहिण्यात अर्थ नाही, ओघामुळे सगळंच बदलणार. बरं झालं लिहिलं नव्हतं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

५ जून

क्विस्टबाईंनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. म्हणाल्या, व्हर्न, भाषणाआधी एकदा इडाला दाखव. मी म्हणालो, निवृत्त माणसांना त्रास देऊ नये. म्हणाल्या, मग डेलला दाखव. डेल म्हणजे ऑस्टबर्ग. मी जायला उठलो. म्हणाल्या, निदान मला तरी दाखव, मीसुद्धा कधी काळी हेच काम केलंय. मी म्हणालो, बाई, तुम्ही बजेट बघा.

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, माझ्या हातात होतं तेवढं मी केलं.

सगळे फितूर आहेत. बाईसुद्धा. मला घाबरल्यात.

१२ जून, गुरुवार. सकाळी ६.५०

निळा टाय. लोर्ना म्हणाली, मी येऊ का मागे बसायला? मी म्हणालो, कंटाळशील. म्हणाली, सदतीस वर्षांत सवय झालीय. पण नको म्हणालो. संध्याकाळी बाहेर जेवायला जाऊ, टेबल सांगून ठेवलंय.

दुपारी १२.४०

बोललो.

संध्याकाळी ५.३०

टेबल रद्द केलं.

१३ जून

घरीच आहे. पाठ धरलीय असं कळवलंय.

काय घडलं ते एकदा लिहून टाकतो. हॉल भरलेला होता. पाचही तारे दाखवले, पाच वेळा त्र्याऐंशी, मोठ्या लाल अक्षरात. शेवटी 'हॅवरकॅम्प ओघ' असं पान लावलं आणि प्रश्न विचारा म्हणालो. कुणी विचारेना. ऑस्टबर्ग खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होता, बराच वेळ. मग मागून इडाबाई उठल्या. काठी टेकत उभ्या राहायलाच त्यांना अर्धं मिनिट लागलं. म्हणाल्या, व्हर्न बाळा, तुझी रेषांची यादी हवेतली आहे की निर्वातातली?

मी म्हणालो, बाई, ताऱ्यावर हवा नसते.

आणि टाळ्यांसाठी थांबलो.

आधी हसले मशीनवाले. ते कशाला आले होते कोण जाणे. मग सगळेच. इडाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ताऱ्यावर नसते रे, माझ्या तळघरात होती. मी त्या रेषा हवेत बसून मोजल्या. तुझा उपग्रह हवेच्या बाहेर आहे.

बस्स. एवढंच. हवेतून जाताना प्रकाशाची तरंगलांबी अगदी किंचित कमी होते. दहा हजारात तीन भागांनी. गेली शंभर वर्षं जगभरच्या याद्या हवेतल्याच छापल्या जातात, कारण मोजणारे जमिनीवर राहतात. उपग्रहाचे आकडे निर्वातातले असतात. दोन्ही न बदलता शेजारी ठेवले की प्रत्येक रेषा लालकडे सरकलेली दिसते. किती? सेकंदाला त्र्याऐंशी किलोमीटर वेग असावा इतकी. कुठल्याही ताऱ्यात. मी तीन महिने ताऱ्यांचं वातावरण मोजत नव्हतो, आपल्याच हवेचं मोजत होतो.

हा आकडा या धंद्यातला माणूस झोपेतही ओळखतो. मीही ओळखतो. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो की बाबांनो, कुठे त्र्याऐंशी दिसले तर आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्या. वाक्य माझंच आहे, दर वर्षी लोक हसतात.

डेटा ऑफिसची चूक. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

१६ जून

डेटा ऑफिसला खरमरीत पत्र लिहिलं. त्यांनी उलटटपाली त्या सूचनेची प्रत पाठवली. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात.

लोर्ना दुपारी मागच्या अंगणात येऊन शेजारी बसली. म्हणाली, सहा सेकंद रे. मी म्हणालो, आता नको. म्हणाली, बरं, नको. आणि बसून राहिली. मला फार लाज वाटली. लिहितो तसंच, वाटली.

२४ जून

यादी बदलून सगळं पुन्हा चालवलं. पाच तारे, पाच शून्य. रेषा नीट जागेवर. बायसन उत्तम चालतो हे सिद्ध झालं, मी ताबडतोब क्विस्टबाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, जागेवर, पण अगदी जागेवर नाही ना? डेलकडे जाऊन बघ.

गेलो. माझ्या पायांनी. ऑस्टबर्गनं खुर्ची दिली, कॉफी दिली. मेलचं काढलं नाही, पार्किंगचं काढलं नाही. काढायला हवं होतं, मला बोलता आलं असतं. त्यानं दाखवलं की हवेचा घोळ काढल्यावरही सूर्याच्या रेषा एवढ्याशा सरकलेल्या राहतात, निळ्या बाजूला, सेकंदाला तीनशे मीटर. गरम वायू उकळून वर येतो, तो जास्त तेजस्वी असतो, त्याचा ठसा रेषेवर उमटतो. त्याच्या मॉडेलमध्ये हे तीनशे मीटर आपोआप येतात, एकही आकडा न फिरवता. माझ्यात येत नाहीत. माझ्यात काही हलतच नाही.

म्हणाला, व्हर्न, वातावरण हलतं हे तुझं बरोबरच होतं. वेग तेवढा चुकला.

समजूत घालत होता. मला ऑस्टबर्ग समजूत घालतो! कप तसाच ठेवून उठलो. पण जाता जाता त्यानं पडद्यावर सूर्याचा तुकडा चालवून दाखवला. दाणे वर येतात, फुगतात, काळ्या भेगांमधून खाली बुडतात. तीन वेळा बघितला. सुंदर होता. हे इथेच लिहितो, कुठे बोलणार नाही.

३० जून, सोमवार. सकाळी ९.००

आज दुपारी बारा वाजता बायसन बंद. क्विस्टबाई म्हणाल्या, हवं तर बंद करायची आज्ञा तूच टाईप कर. मी नाही म्हणालो. मशीनवाल्यांनी सांगितलं, काळजी करू नका, बंद करताना वापरणाऱ्या सगळ्यांना मशीन आपोआप नोटीस पाठवतं.

हे उत्तमच झालं. आता कळेल क्विस्टबाईंना. सदतीस वर्षांचा कोड आहे, जर्मनीत आहे, जपानात आहे, चिलीत तर नक्कीच असणार. नोटीस गेली की ओरडा सुरू होईल. लोर्नाला सांगून ठेवलंय, आज मला फोन करू नकोस, लाईन मोकळी पाहिजे. ऑफिसातल्या बाईला सांगितलं की परदेशचे फोन थेट माझ्याकडे द्यायचे. उत्तराचा मसुदाही तयार आहे: आपल्या भावना मी समजू शकतो, आपण संचालकांना लिहावं.

११.५५

टेबल आवरलं. फोनची वायर तपासली.

१२.०१

नोटीस आली. 'बायसनच्या सर्व वापरकर्त्यांना कळवण्यात येते की हा कोड आजपासून बंद करण्यात येत आहे. काही अडचण असल्यास बायसनचे प्रमुख डॉ. व्हर्न हॅवरकॅम्प यांच्याशी संपर्क साधावा.'

खाली बारीक अक्षरात: पाठवलेल्या प्रतींची संख्या, एक.

१.३०

फोन नाही.

३.००

मीही संपर्क साधला नाही.